आधी थांबणारी गाडी

यंदा महाराष्ट्र राज्य झालं, आणि यंदाच्याच खंडेनवमीला, दुपारी चहाच्या वेळेला, पनवेलच्या पोलीस ठाण्यातल्या ड्रायव्हर-जमादारावर अन्याय झाला. तो कोपऱ्यात झाला नाही. भर आवारात झाला, झेंडूच्या माळा घातलेल्या जीपसमोर, हातात पेढा घेऊन उभ्या असलेल्या माणसांदेखत झाला. मी तिथं होतो. हे वाचणारे तुम्ही पनवेलचे असाल, तर बहुतेक तुम्हीही होतात.

त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याची चौकशी चालू आहे, हे एक कारण. दुसरं असं की त्याला नावानं हाक मारलेली खपत नसे. करंजाड्याकडचा आगरी माणूस, आडव्या बांध्याचा, मिशा इतक्या दाट की बोलताना फक्त मिशाच हलतात असं वाटावं. कुणी नावानं बोलावलं की म्हणायचा, "नाव घरात ठेवून येतो मी. हितं जमादार."

पोलिसाच्या बाजूनं लेखणी उचलायची वेळ माझ्यावर येईल असं कुणी सांगितलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं. राज्यासाठीच्या चळवळीच्या वर्षांत मी पत्रकं लिहिली, भिंती रंगवल्या, आणि त्यापायी मला तीनदा धरून अलिबागला नेलं. तिन्ही वेळा गाडी जमादाराची. आमची ओळख झाली ती अशी, आरोपी आणि ड्रायव्हर म्हणून.

पहिल्या वेळी आम्ही पाचजण जीपमध्ये कोंबलेले. घोषणांनी बाजारपेठ दणाणून सोडलेली. जमादारानं मागं वळून शांतपणे सांगितलं, "घोषना द्या, ना नाय. पन कर्नाळ्याच्या चढावर गप बसा. तितं मना इंजिन काय बोलतंय ते आयकायचं असतं."

आणि आम्ही चढावर गप्प बसलो. लाठीनं जे सरकारला जमलं नव्हतं ते या माणसानं एका वाक्यात केलं. खिंड संपल्यावर त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "हां, आता करा चालू." पण तोवर आमचा सूर गेला होता.

खिंडीच्या माथ्यावर त्यानं गाडी थांबवली. इंजिनाला दम घेऊ द्यायचा, हा त्याचा नियम. बॉनेट उघडलं तर आत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुके बोंबील. धुराडं जिथून निघतं तिथल्या तापलेल्या लोखंडावर त्यानं एका पत्र्यात ते बांधून ठेवले होते. पनवेलपासून खिंडीपर्यंत बोंबील बरोबर भाजून होतात, जळत नाहीत. पेणपर्यंत ठेवले तर कोळसा. हा हिशेब त्यानं पुष्कळ बोंबील वाया घालवून बसवला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. आरोपींनाही वाटा मिळे. आमच्यातले एक मास्तर शाकाहारी. ते नाकाला रुमाल लावून बसले.

"मास्तर," जमादार म्हणाला, "ह्या गाडीत रुमाल चोर लावतात. तुमी तर बिनचोरीचे आलात."

मास्तर हसले. रुमाल मात्र त्यांनी काढला नाही.

हा माणूस लढाईच्या वर्षांत आसामच्या आघाडीवर लष्करी ट्रक चालवत होता. तिथं त्याची गाठ एका अमेरिकन सार्जंटशी पडली. हा सार्जंट लढाईआधी आपल्या गावात पोलिसांच्या मोटारी दुरुस्त करायचा. डोंगरातल्या चिखलात गाड्या अडकल्या की दोघे तासन्‌तास बसून राहत, आणि मोडक्या हिंदीत, मोडक्या इंग्रजीत, आणि उरलेलं पान्याच्या खुणांनी, त्या सार्जंटनं जमादाराला पोलीसगाडीचा सगळा इतिहास सांगितला. तो इतिहास जमादारानं पनवेलला आणला आणि जो सापडेल त्याला ऐकवला. आम्ही तर बेड्या घालून सापडलेले.

"पयली पोलीसगाडी कशावर चालायची, सांगा," तो विचारायचा.

आम्ही पेट्रोल म्हणायचो. वाफ म्हणायचो.

"बॅटरीवर. विजेची गाडी. ना धूर, ना आवाज. दारुड्यांना भरून न्यायची."

मला ती लोणकढी थाप वाटली. मागाहून एका जुन्या इंग्रजी मासिकात त्या गाडीचं चित्रच सापडलं. मी जमादाराला दाखवायला नेलं तर त्यानं बघितलंसुद्धा नाही. "मना कशाला दावता? मी कुटं शंका घेतली होती?"

पुढचा भाग तो रंगवून सांगायचा. तिकडे दरोडेखोरांनी आठ सिलिंडरच्या मोटारी घेतल्या तेव्हा पोलिसांकडे निम्म्या ताकदीच्या गाड्या. दरोडा पडायचा आणि पोलीस नुसती धूळ खायचे. मग पोलिसांनीही आठ सिलिंडर घेतले. मग गाडीत रेडिओ आला. पण पहिला रेडिओ एकतर्फी होता, ठाण्यावरून सांगितलेलं गाडीत ऐकू यायचं, गाडीतून उलट काही बोलता यायचं नाही.

"सायेब बोलनार, गाडी आयकनार," जमादार म्हणायचा. "त्यांनी ते सुदारलं. आपल्या खात्यात अजून तोच रेडिओ हाय."

लढाईनंतर तिकडचे कारखाने पोलिसांसाठी वेगळ्या गाड्या काढू लागले. दिसायला घरच्या मोटारीसारख्या, पण स्प्रिंगा जाड, पाणी थंड ठेवणारा रेडिएटर मोठा, दिव्यांसाठी डायनामो मोठा, आणि ब्रेक रुंद. हे कानावर आल्यापासून जमादाराला चैन पडेना. कल्याणच्या बाजूला लष्कराचा टाकाऊ माल लिलावात निघायचा. रजेच्या दिवशी तो तिथं जायचा आणि लोखंड खांद्यावर टाकून आणायचा. ठाण्याची जीप म्हणजे लढाईतलं उरलेलं हाडांचं खोकं. तिला त्यानं स्प्रिंगांचे जादा पाटे घातले. ट्रकचा रेडिएटर बसवला, त्यासाठी पुढची जाळी कापावी लागली आणि जीप दात पडल्यासारखी दिसायला लागली. छतावर शोधदिवा चढवला. इंजिनाचं हेड घासून घेतलं, त्यानं ताकद वाढली. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त वेळ घेऊन, ब्रेक बदलले.

त्याच्या चुका झाल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. मी त्याची आरती करायला बसलेलो नाही. एकदा त्यानं लढाईतला हवाई हल्ल्याचा भोंगा, हातानं फिरवायचा, जीपवर बसवला. बाजाराच्या दिवशी तो फिरवून बघितला. बैल उधळले, तांदळाच्या दोन गाड्या गटारात गेल्या, एका कुंभाराची मडकी फुटली. जमादार म्हणाला, बैलांना सवय नाही, महिनाभरात होईल. बैलांच्या मालकांनी महिनाभर थांबायची तयारी दाखवली नाही. दुसऱ्यांदा त्यानं इंजिनाला दोन कार्बुरेटर लावले. जीप पळाली खरी, पण पंधरवड्यातच महिन्याचं पेट्रोल पिऊन बसली आणि ठाण्याचे मुख्य, फौजदारसाहेब, गस्तीला टांग्यानं फिरले. चूक कबूल करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. "गाडी बरोबर हाय, पेट्रोल कमी देतात," एवढंच.

भांडखोर होता. फौजदारांच्या घरची भाजी जीपमधून न्यायला त्यानं नकार दिला. "पडवळ उतरवा, चोर असंल तर चढवा." अशा माणसाला खात्यात मित्र किती असणार, सांगायला नको.

पण दारूची मोटार ओळखावी ती त्यानं. दारूबंदीमुळे हातभट्टीचा माल डोंगरातून निघून मुंबईकडे जायचा, टायरच्या ट्यूबांत भरून, मोठ्या जुन्या मोटारींतून. मागं माल भरला की गाडी बसते आणि पोलिसांना कळतं, म्हणून ही मंडळी मागच्या स्प्रिंगा जाड करून घ्यायची. पळस्प्याच्या फाट्यावर जमादार जीपला टेकून उभा राही. भरलेल्या गाडीकडे बघायचाच नाही. डोंगराकडे जाणाऱ्या रिकाम्या गाडीकडे बघायचा.

"ती बगा, पार्श्वभाग वर करून चाललीय," तो म्हणायचा. "रिकामी हाय म्हनून वर. येताना सरळ दिसंल. तवा धरा."

येताना धरली की बरोबर माल सापडे. त्यासाठी वरून शाबासकीचं पत्र आलं, आणि ते फौजदारांच्या नावानं आलं. पत्रात "वेगवान जीपचा उत्तम उपयोग" असे शब्द होते. फौजदारांनी स्वतः ते आवारात मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हा जीपमधले बदल कुणाला खटकले नव्हते. लक्षात ठेवा.

आता त्याचं मुख्य वेड. मी त्याला विचारलं होतं, "जमादार, चोराच्या मागं लागायचं तर वेग हवा. तुम्ही ब्रेकवर एवढा जीव का टाकता?"

तो रागावलाच. "चोराच्या वाटंत पोर आलं तर चोर थांबल का? नाय थांबनार. मना थांबायला लागंल. मग माजी गाडी त्याच्या गाडीच्या आदी थांबाया नको? पळवायचं काय, कुनीबी पळवंल."

मी पत्रकांतून सरकारला पुष्कळ काही सांगितलं आहे. पोलिसाचं काम काय, हे इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही.

या जीपच्या ब्रेकची एक खोड होती, आणि ती आपल्याकडच्या सगळ्याच गाड्यांची. चाकाच्या आत डबा, डब्यात पट्टे. चाक पाण्यात बुडलं की पाणी डब्यात शिरतं आणि पट्टे घसरतात. पाय कितीही दाबा, गाडी थांबत नाही. किंवा एक चाक धरतं, बाकीची सुटतात आणि गाडी भलतीकडे ओढली जाते. उपाय सोपा आहे. धुतल्यावर ब्रेकवर पाय दाबून थोडं अंतर हळू चालवायचं. पट्टे तापतात, पाणी उडून जातं. जमादार याला ब्रेक शेकणं म्हणायचा.

खंडेनवमीला आपल्याकडे सगळ्या गाड्या वडाळे तळ्यात घालतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ट्रक, टांगे, टॅक्स्या, पोलीस जीप, सगळं एका घाटावर. चाकं बुडेपर्यंत आत नेतात, घासतात, मग हळद-कुंकू, झेंडू, नारळ. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याची सकाळ होईपर्यंत अवजार हलवायचं नाही, त्या दिवशी त्याला विश्रांती. म्हणून जमादार दर वर्षी धुणं झाल्यावर आणि पूजा होण्याआधी करंजाड्यापर्यंत ब्रेक शेकून यायचा. घाटावरचे ट्रकवाले ओरडायचे, "जमादार, बाळंतिणीला शेक द्यायला निघाले वाटतं." तो म्हणायचा, "तुमी बी द्या. नायतर उद्या अंबाडीच्या भाजीवानी रस्त्यावर पसराल."

या वर्षीही त्यानं हेच केलं. सकाळी जीप धुतली, शेकून आणली. पण पूजा लांबली. अलिबागच्या मोठ्या साहेबांच्या सौभाग्यवतींच्या हस्ते पूजा व्हायची होती, त्या दुपारी आल्या. तोवर रस्त्याची धूळ जीपवर बसलेली. फौजदार बघून भडकले.

"ही काय गाडी धुतली? पाहुण्यांसमोर ही लाल माती?"

"सायेब, फडक्यानं पुसतो," जमादार म्हणाला.

"पुसतो काय? दोन शिपाई घ्या, तळ्यात घालून आणा."

जमादार नाही म्हणाला. तेव्हा फौजदारांनी दुसऱ्या शिपायाला जीपवर बसवलं आणि भर दुपारी जीप पुन्हा तळ्यात गेली. चाकं बुडेपर्यंत गेली. घाटावर किती माणसं होती? ट्रकवाले होते, टांगेवाले होते, भेळवाला होता, कपडे धुणाऱ्या बाया होत्या. जीप ओलीचिंब तशीच ठाण्यात आली आणि थेट पूजेला उभी राहिली.

मी त्या वेळी ठाण्यात होतो. दसऱ्याच्या सभेसाठी कर्ण्याची परवानगी काढायला गेलो होतो. पूजा होताच माझ्यासमोर जमादार फौजदारांना म्हणाला, "सायेब, आता तरी शेकून आनतो. नदीपर्यंत जातो न येतो."

"पूजा झाल्यावर गाडी हलवायची नसते, जमादार. एवढंही कळत नाही? बाईसाहेब काय म्हणतील?"

"मग आज हलवायचीच नाय ना? कुनीच?"

"कुणीच."

जमादारानं बॉनेट उघडलं आणि इंजिनातला बोटाएवढा एक तुकडा काढून खिशात घातला. लष्करातली ही त्याची सवय. तो तुकडा नसला की ठिणगी पडत नाही आणि गाडी चालू होत नाही. मग तो हात पुसून पेढा खायला गेला.

पेढे वाटून होतात तोच फाट्यावरून सायकलनं शिपाई आला. मुंबईकडे निघालेली दारूची मोटार शिपायांना बघून मागं वळली आणि पेणच्या रस्त्याला लागली होती. बाईसाहेब बघत होत्या. फौजदारांनी टोपी सारखी केली आणि जीपमध्ये बसले, स्वतः चाकावर. गाडी चालू होईना.

"जमादार, तो तुकडा."

"देतो सायेब. पन चालवनार मी. न नदीपर्यंत हळू जानार. ब्रेक ओला हाय."

"तोवर तो कर्नाळा ओलांडेल."

"वलांडू दे. उद्या परत येल. दारू पिनारे कुटं पळून चाललेत?"

आवारात हशा पिकला. बाईसाहेबही हसल्या. मला वाटतं, त्या हशानंच घात केला. फौजदारांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्यांनी दोन शिपायांना खूण केली. शिपायांनी जमादाराचे हात धरले, त्याच्या खिशातून तुकडा काढला आणि इंजिनात बसवला. त्याच्याच ठाण्यातल्या, त्याच्याच हाताखाली गाडी शिकलेल्या शिपायांनी. जमादारानं झटापट केली नाही. फक्त जीप फाटकातून बाहेर पडेपर्यंत तो एकच वाक्य म्हणत राहिला, आधी साध्या आवाजात, मग ओरडून. "ब्रेक ओला हाय, सायेब. ब्रेक ओला हाय."

ते ओरडणं आवारातच नव्हे, रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानातही ऐकू गेलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नदीच्या पुलाआधीच्या उतारावर एक कातकरीण डोक्यावर आपट्याच्या फांद्यांचा भारा घेऊन बाजाराला येत होती, दुसऱ्या दिवशी तुम्ही-आम्ही एकमेकांना जी पानं देणार होतो तीच. फौजदारांनी तिला लांबून बघितलं. ब्रेक दाबला. एका चाकानं धरलं, तीन सुटली, आणि जीप तिच्याच अंगावर ओढली गेली. बाई जगली. पाय मात्र गेला. दारूची मोटार सुखरूप पेणला पोचली.

जमादार धावत पुलापर्यंत गेला होता. मी त्याच्या मागं. त्यानं त्या बाईला खांद्यावर घेतलं, टांग्यात घातलं आणि दवाखान्यात नेलं. रात्री जेवण न करताच तो दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. मी चहा नेऊन दिला. तो म्हणाला, "मी तुकडा विहिरीत टाकायला होवा होता." इतिहास सांगितला नाही, फुशारकी मारली नाही.

दसरा झाला आणि त्याला कामावरून बाजूला केलं. आरोप दोन. एक, त्यानं परवानगीशिवाय जीपमध्ये फेरफार करून ती बेफाम वेगाची केली, म्हणून अपघात झाला. दोन, त्यानं ऐन कामाच्या वेळी जीप बंद पाडून सरकारी कामात अडथळा आणला. म्हणजे गाडी फार पळवली हाही त्याचाच गुन्हा, आणि पळू दिली नाही हाही त्याचाच. ज्या फेरफारासाठी शाबासकी आली त्यासाठीच आता शिक्षा आली. शाबासकी एकाला आणि शिक्षा दुसऱ्याला. हे ज्यांनी लिहिलं त्यांनी ते एकदा मोठ्यानं वाचून तरी बघायचं होतं.

दुसऱ्यांदा जीप तळ्यात घातली, ही गोष्ट चौकशीच्या कागदावर कुठंही नाही. ती जणू घडलीच नाही. शिपाई म्हणतात, आठवत नाही. मी जाऊन जबाब दिला. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला याच आरोपीनं तीनदा अलिबागला नेलं ना? मग तुमचं आणि त्याचं साटंलोटं असणारच." पूर्वी धरलेला माणूस म्हणून माझा शब्द बाजूला पडला. मी सांगितलं, मला ज्यानं धरून नेलं त्याच्याच बाजूनं मी बोलतोय, यातच सगळं आलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

जमादार आता करंजाड्याला घरी बसून आहे. नोकरी तर गेल्यातच जमा आहे, पण त्याला ते सलत नाही. मी गेलो तेव्हा तो अंगणात कुणाच्या तरी सायकलचा ब्रेक घट्ट करत होता. म्हणाला, "पगार गेला तं गेला. मिठागरात मीठ वडून खाईन. पन माज्या गाडीनं त्या बाईला उडवली, आसं गाव बोलतंय. बाजारात पोरं बोलतात. माज्या गाडीनं?"

खरंच बोलतात. मी ऐकलं आहे. पनवेलच्या बाजारात, न्हाव्याच्या दुकानात, तालमीत, सगळे म्हणतात, जमादाराच्या वेडापायी बाईचा पाय गेला. म्हणणाऱ्यांत घाटावर उभे असलेले लोकही आहेत. जीप दुसऱ्यांदा पाण्यात जाताना ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, तेच लोक.

तर मी आता तुमच्याशी बोलतो, त्यांच्याशी. पुढच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी सकाळी, मामलेदार कचेरीत चौकशीची शेवटची बैठक आहे. दार सगळ्यांना उघडं आहे. तुम्ही ट्रकवाले असाल तर ट्रक बाहेर लावा आणि आत या. घाटावर कपडे धूत होतात, तर धुणं बाजूला ठेवून या. चहाच्या दुकानात बसला होतात, पेढा खाल्ला होतात, हसला होतात, तर त्या हशासकट या. माझ्यासाठी बोलू नका, चळवळीसाठी बोलू नका, जमादार आवडतो म्हणूनही बोलू नका. तो कुणाला आवडण्यासारखा नाहीच. तुम्ही पाहिलं तेवढंच सांगा. जीप दुपारी दुसऱ्यांदा तळ्यात घातली. ब्रेक ओला आहे असं तो ओरडत होता. आम्ही ऐकलं.

एवढी तीन वाक्यं. उभं राहून, आपलं नाव सांगून, मोठ्या आवाजात. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं नाही तर पुन्हा म्हणा, आणि तो लिहीपर्यंत तिथून हलू नका.